पन्नास पैशांची पिशवी

दुधाची पिशवी कापायची, दूध पातेल्यात ओतायचं, पिशवीत घोटभर पाणी घालून ती खळबळायची आणि ते पाणीही पातेल्यातच. मग पिशवी उभी फाडून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायची. दुपारपर्यंत ती वाळते आणि कडेने सुटत आपसूक खाली येते. तिथून सिंकखाली लटकवलेल्या मोठ्या पिशवीत, आणि दोन-तीन महिन्यांनी रद्दीवाल्याच्या तराजूत. महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंपाकघरांत हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्यासाठी कधी कुठला शासन निर्णय निघाला नव्हता.

२०१८ साली तो निघाला. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अशी पुनर्खरेदीची किंमत छापा आणि त्या किमतीला रिकामी पिशवी परत घ्या, असं दूध उत्पादकांना सांगण्यात आलं. ही व्यवस्था उभी राहिली नाही. प्लास्टिकबंदीचा विषय निघाला की आपण भाजीवाल्याच्या पातळ पिशवीपाशी थांबतो. मला दुधाची पिशवी जास्त बोलकी वाटते. एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंपैकी परत फिरण्याची सगळ्यात जास्त शक्यता हिचीच होती. रोज त्याच दारात, त्याच माणसाच्या हातून आणि ठरलेल्या संख्येने येणारी दुसरी प्लास्टिकची वस्तू मला तरी आठवत नाही. तरीही ती परत गेली नाही. ते का, याचा हा शोध.

पावसापासून अधिसूचनेपर्यंत

राज्यातल्या प्लास्टिकविरोधी नियमांची नाळ २६ जुलै २००५ च्या पावसाशी जोडलेली आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचं चेपलेलं पात्र, भरतीची वेळ, जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था, कारणं बरीच होती. पण नाल्यांच्या तोंडाशी साचलेल्या पिशव्या डोळ्यांना दिसत होत्या, आणि दिसणारा आरोपी आधी पकडला जातो. २००६ साली महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम आला, आणि ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियमही आले.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो बोटाच्या चिमटीत कळत नाही, आणि मंडईत फिरणाऱ्या निरीक्षकाच्या खिशात जाडी मोजायचं उपकरण नसतं. त्यामुळे नियम कागदावर जाड आणि बाजारात पिशवी पातळ, अशी बारा वर्षं गेली.

मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली. घोषणा गुढीपाडव्याची होती, कागद चार-पाच दिवसांनी निघाला. या वेळी मायक्रॉनच्या भानगडीत न पडता हातात धरायच्या पिशव्या जाडी काहीही असली तरी बंद झाल्या. थर्माकोलची ताटं-वाट्या, प्लास्टिकचे चमचे, कप, स्ट्रॉ गेले. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्याही गेल्या. त्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्याच असतात हे कित्येकांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं. अजूनही लग्नाच्या आहेराबरोबर त्या ‘कापडी पिशव्या’ म्हणून मिळतातच. हातातला साठा संपवायला तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाले. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंतची कैद.

एवढ्या मोठ्या बंदीत दूध बसत नव्हतं. दूध पिशवीतून येतं, आणि पिशवी बंद म्हणजे शहरांचं दूध बंद. म्हणून पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड असावी आणि तिच्यावर किमान ५० पैसे परतीची किंमत छापलेली असावी, अशी वाट काढण्यात आली. पाण्याच्या बाटल्यांसाठीही असाच मार्ग होता, अर्ध्या लिटरला २ रुपये आणि लिटरच्या बाटलीला १ रुपया. पिशव्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची यंत्रणा कंपन्यांनी तीन महिन्यांत उभी करायची होती.

किंमत छापणं हा या साखळीतला सगळ्यात सोपा भाग.

बाटली परत का जायची

ज्यांचं बालपण मुंबईत आरेच्या केंद्रासमोरच्या रांगेत गेलं त्यांना परतीची व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ साली वसली. शहरातले गोठे बाहेर न्यायचे आणि पाश्चराइज केलेलं दूध बाटलीत भरून वाटायचं, ही दूध आयुक्त दारा खुरोडी यांची योजना. या कामासाठी १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत मिळाला. पहाटे दुधाचं कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर जायचं, रिकाम्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. तोंडाला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं झाकण. रिकामी फुटली की घरात बोलणी बसायची, कारण उद्याच्या दुधाचा प्रश्न असायचा.

ती बाटली परत यावी म्हणून कुणी पर्यावरणाचं नाव घेतलं नव्हतं. दूध योजनेला ती हवी होती. काचेची बाटली धुवून पुन्हा भरली तरच दुधाचा हिशेब जमायचा. रोज नवी बाटली कुणालाच परवडली नसती. परतीची सगळी शिस्त, म्हणजे कार्ड, तारेच्या जाळ्या, मोजणी आणि उलट फेरी, या एका गरजेतून उभी राहिली होती.

प्लास्टिकच्या पिशवीने ही गरजच संपवली. बाटली पाव किलोहून जड, पिशवी तीन-साडेतीन ग्रॅमची. बाटली धुवायला गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि माणसं लागतात. पिशवीला यातलं काही नको. यंत्रात फिल्मचा गुंडाळा चढवला की पिशवी तिथेच बनते, भरते आणि सील होते. फुटायची भीती नाही आणि त्याच टेम्पोत जास्त दूध मावतं. यात दूध संघांचं चुकलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वस्त आणि सीलबंद दूध गावोगाव पोचलं ते याच पिशवीमुळे, आणि सुट्या दुधातल्या भेसळीच्या धास्तीला तिनेच काही अंशी उत्तर दिलं. मात्र त्या बदलात एक गोष्ट हातची गेली. बाटली दूध योजनेच्या मालकीची होती. पिशवी कापली की ती कुणाच्याच मालकीची उरत नाही.

२०१८ चा आदेश या हरवलेल्या मालकाला ५० पैशांत पुन्हा उभं करू पाहत होता.

हिशेब करून पाहू

पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या फेकल्या जातात आणि त्यातून ३१ टन प्लास्टिक कचरा होतो. भागाकार केला तर पिशवीमागे ३.१ ग्रॅम येतात. अर्धा लिटर आणि एक लिटरच्या पिशव्यांची सरमिसळ धरली तर आकडा पटण्यासारखा आहे. म्हणजे एका किलोत साधारण ३२० पिशव्या.

इथे ५० पैशांची खरी ताकद दिसते. ३२० पिशव्यांचे १६० रुपये. धुतलेल्या, कोरड्या पिशव्यांना भंगारात किलोला जो भाव मिळतो, त्याच्या हे कितीतरी पट आहे. पिशवीमागे ५० पैसे ही रक्कम ग्राहकाला चिल्लर वाटते, पण पोतं भरून आणणाऱ्यासाठी ती मोठी रक्कम होते. आणि मोठी रक्कम आली की लबाडीही येते. अनामत न भरलेल्या, जुन्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या पिशव्या कुणी किलोवारी आणून १६० च्या भावाने वटवू लागला तर? म्हणजे प्रत्येक पिशवीवर खूण हवी आणि ती तपासणारं कुणीतरी हवं. ३ ग्रॅमच्या वस्तूची एकेक तपासणी करायला बसवलेल्या माणसाचा पगार ५० पैशांतून निघत नाही.

आता दुसरं टोक. दोन अर्ध्या लिटरच्या पिशव्या घेणारं घर महिन्याला ६० पिशव्या जमवतं. त्यांचं वजन पावणेदोनशे-एकशे नव्वद ग्रॅम आणि अनामत ३० रुपये. ती रोज हातोहात द्यायची म्हटली तर अडचण वेगळीच. २०११ मध्ये २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. ५० पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं, पण ते पुढे केलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहतो. त्या नाण्याच्या जागी गोळी मिळायची, तो काळही सरला. म्हणजे शासनाने परतीची किंमत अशा रकमेत ठरवली होती, जी व्यवहारात हातात देताच येत नाही. एक पिशवी परत आणणाऱ्याला द्यायला नाणं नाही, आणि दोन आणल्या तर १ रुपया, या हिशेबात लहान ग्राहक कंटाळणार हे उघड होतं.

एकूण रक्कम मात्र लहान नव्हती. १ कोटी पिशव्यांचे रोजचे ५० लाख रुपये, महिन्याचे १५ कोटी. यातल्या निम्म्याच पिशव्या परत आल्या तर उरलेले पैसे कुणाचे? दूध संघाचे, वितरकाचे, की शासनाच्या कचरा निधीचे? जर्मनीत एकदा वापरायच्या बाटल्या-डब्यांवर २००३ पासून अनामत आहे. ती साधारण २५ सेंट असते, आणि न मागितलेली रक्कम पेय भरणाऱ्या कंपन्यांकडे राहते. त्यावर तिथेही कुरकुर आहे, पण निदान उत्तर ठरलेलं आहे. अनामत लावण्याआधी हे ठरवावं लागतं, कारण त्यावरच कुणाला पिशवी परत हवी आहे आणि कुणाला ती न आलेलीच बरी, हे अवलंबून असतं.

पहाटे चारची साखळी

कागदावर पिशवी ‘कंपनी’ परत घेणार होती. कंपनी आणि ग्राहक एकमेकांना भेटत नाहीत. मध्ये वितरक आहे, त्याच्याकडून माल उचलणारे एजंट आहेत, चौकातलं दुकान आहे आणि सायकलवर किंवा स्कूटरवर घरोघर दूध टाकणारा मुलगा आहे. हा मुलगा पहाटे येतो तेव्हा घर झोपलेलं असतं. दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीत तो दूध ठेवतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. काल रात्रीच्या रिकाम्या पिशव्या त्याच कडीला लटकवल्या तर त्या त्याने मोजायच्या कधी, आणि चार कमी भरल्या तर भांडायचं कुणाशी?

एजंटाचं दुखणं वेगळं होतं. त्याला मिळणारं कमिशन दूध विकण्याचं. आता त्याने पिशव्या मोजायच्या, त्यांचे पैसे आधी आपल्या खिशातून द्यायचे, त्या साठवायच्या आणि वितरकाकडून वसूल होईपर्यंत वाट बघायची. नीट न धुतलेल्या पाचशे पिशव्यांची गोणी मे महिन्यात दोन दिवस बंद गाळ्यात ठेवली तर काय वास सुटतो, हे ज्याने आंबलेलं दूध हुंगलंय त्याला सांगायला नको. दुकान दहा बाय बाराचं. त्यात फ्रिज, ब्रेड, अंडी, आणि शिवाय ही गोणी.

शिवाय एकाच फ्रिजमध्ये गोकुळ, वारणा, कात्रज, चितळे, महानंद, अमूल शेजारी शेजारी असतात. कुणाची पिशवी कुणाकडे जाणार? प्रत्येकाने आपापल्या वेगळ्या करून घ्यायच्या तर दुकानात सहा गोण्या. सगळ्यांनी मिळून एकच खातं ठेवायचं तर एकमेकांच्या बाजारावर टपलेल्या सहकारी संघांनी आणि खासगी डेअऱ्यांनी आपले विक्रीचे आकडे एका टेबलावर मांडायला हवेत.

दूध संघांचा एक आक्षेप मला पूर्ण रास्त वाटतो. जिथे दूध पाश्चराइज होतं आणि भरलं जातं, त्या आवारात कुजलेल्या, घाणीने माखलेल्या पिशव्या येता कामा नयेत. गोळा केलेला माल वितरकाच्या पातळीवरूनच पुनर्वापर करणाऱ्याकडे वळायला हवा होता.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटली. उलटी फेरी रोज होतच होती. दुधाचे प्लास्टिकचे क्रेट रोज भरून येतात आणि रोज रिकामे परत जातात. एकही क्रेट हरवू नये यावर वितरकाची करडी नजर असते, कारण हरवला तर त्याच्या खात्यावर पडतो. म्हणजे तोच टेम्पो, तोच रस्ता आणि तीच माणसं एका प्लास्टिकच्या वस्तूसाठी काटेकोर परतीची व्यवस्था चालवतच होती. क्रेट कुणाचा तरी होता. पिशवी नव्हती.

नको त्या वेळी

बंदीचे दंड सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि राज्यात दुधावरूनच रण पेटलं. १६ जुलै २०१८ पासून राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबई-पुण्याचा दूधपुरवठा रोखायचं आंदोलन छेडलं. रस्त्यांवर दूध ओतलं गेलं. मागणी होती लिटरमागे ५ रुपये अनुदानाची. चौथ्या दिवशी शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे २५ रुपये खरेदी दर जाहीर केला आणि आंदोलन मागे घेतलं गेलं.

अर्ध्या लिटरच्या पिशवीला ५० पैसे म्हणजे लिटरला १ रुपया. शेतकरी ५ रुपयांसाठी रस्त्यावर उतरलेला असताना त्याच दुधावर आणखी १ रुपया, तोही पिशवीसाठी, कुणी कुणाकडून घ्यायचा? ग्राहकाकडून घेतला तर शहरात ‘दूध महागलं’ अशी बातमी होणार. संघाने सोसायचा तर तो शेवटी खरेदी दरातूनच निघणार. डेअऱ्यांनी मुदत मागितली, ती वाढली, पुन्हा मागितली गेली. दरम्यान बाकीच्या बंदीलाही गळती लागली होती. जूनच्या अखेरीस, म्हणजे दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच, किराणा दुकानदारांना माल बांधायला जाड प्लास्टिकची सवलत मिळाली. एका उद्योगाला आठवड्यात सूट मिळते हे दिसल्यावर दुसरा उद्योग घाईने यंत्रणा उभारेल, ही अपेक्षाच भाबडी होती.

२०१९ च्या त्या विधानसभेतल्या निवेदनात योजना नव्याने आली. या वेळी ग्राहकाकडून ५० पैसे आधी घ्यायचे आणि पिशवी आणली की परत करायचे, असं स्पष्ट होतं. महिन्याभरात सुरू होईल असं सांगण्यात आलं. ऑक्टोबरात निवडणुका झाल्या, नोव्हेंबरात सरकार बदललं, मार्चमध्ये टाळेबंदी आली. दारात ठेवलेलं दूध धुवून घरात घेण्याच्या त्या दिवसांत कुणाच्या घरची रिकामी पिशवी परत घेण्याची कल्पनाही कुणी केली नसती. पन्नास पैशांचा विषय त्यात विरून गेला. रद्द झाला असं कुणी जाहीर केलं नाही.

ही पिशवी निवडलीच का

मंत्र्यांनी त्याच वेळी राज्याचा रोजचा प्लास्टिक कचरा १,२०० टन सांगितला होता. त्यात दुधाच्या पिशव्यांचे ३१ टन म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि हे ३१ टन तरी सगळे रस्त्यावर पडत होते का? टाइल्सवर चिकटवलेल्या पिशव्या, रद्दीवाल्याचा तराजू, कचरावेचकांचं वर्गीकरण हे सगळं त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

दुधाची पिशवी बहुतांशी एकाच जातीच्या प्लास्टिकची, पॉलिथिनची असते. ती वितळवून तिचा दाणा होतो, आणि त्यापासून काळे पाइप, कचऱ्याच्या पिशव्या, ताडपत्र्या असा हलका माल बनतो. छपाईच्या शाईमुळे रंग काळपटच ठेवावा लागतो. पुन्हा दुधाची पिशवी मात्र त्यातून होत नाही. अन्नाला लागणाऱ्या पिशवीला कोरं प्लास्टिकच लागतं. तरीही भाव आहे म्हणून ती वेचली जाते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. त्यांच्या कामाकडे कधी जवळून पाहिलं तर कळतं की कुठला माल उचलायचा आणि कुठला तसाच सोडायचा, हे वेचणारीच्या बोटांना पाठ असतं. दुधाची पिशवी उचलली जाते. वेफर्सचं चकाकतं पाकीट पडून राहतं, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते घ्यायला कुणी नसतं. शाम्पूच्या पुडीचंही तेच.

वेफर्सचं पाकीट आणि पुडी २०१८ च्या बंदीबाहेर होत्या. कारखान्यात बांधलेल्या मालाच्या वेष्टनाला सूट होती.

म्हणजे जिला आधीच थोडाफार भाव होता, जी आधीच बऱ्यापैकी गोळा होत होती, तिच्यावर पुनर्खरेदी लादली गेली. जिला भाव नव्हता ती मोकळी राहिली. यात कट वगैरे काही नसावा. दुधाचे संघ मोजके, त्यांची नावं-पत्ते शासनाकडे, माल रोजचा. ज्याचा दरवाजा माहीत आहे तिथेच नोटीस पोचते.

दहा रुपयांची गोष्ट

अनामत आपल्याकडे चालतच नाही, असं म्हणणाऱ्यांना तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्याकडे बोट दाखवता येईल. तिथल्या जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींचे आणि इतर प्राण्यांचे पाय कापत होते. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांतून प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घेतले जाऊ लागले. रिकामी आणली की परत. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत गेली.

तिथे तीन गोष्टी जुळल्या होत्या. विकणारा एकच होता, त्यामुळे कुणाची बाटली हा वाद नव्हता. रक्कम १० रुपयांची होती आणि नोट हातात देता येत होती. वर न्यायालय हिशेब मागत होतं. दुकानातल्या कामगारांची तक्रार मात्र तीच, जागा कुठे आणि मोजायचं कुणी.

महाराष्ट्रात विकणारे अनेक आणि रक्कम नाण्याबाहेरची. तरी एक वाट होती असं मला वाटतं. घरपोच दुधाचं बिल महिन्याला होतं. कॅलेंडरवर दुधाच्या फुल्या मारायची सवय अजून गेलेली नाही. महिन्याच्या शेवटी ६० पिशव्यांचा गठ्ठा धुतलेला, वाळलेला, दोऱ्याने बांधलेला द्यायचा आणि बिलातून ३० रुपये वजा. मोजणी महिन्यातून एकदाच, तीही वजनावर. १९० ग्रॅमला काटा पुरतो. नाण्याचा प्रश्न येत नाही, वासाचा येत नाही, आणि टाइल्सवर पिशवी वाळवणाऱ्या घराला नवं काही शिकावं लागत नाही. गठ्ठा एजंटाकडून थेट भंगाराच्या साखळीत गेला असता, म्हणजे कचरावेचकांच्या आणि रद्दीवाल्यांच्या हातचं कामही गेलं नसतं. दुकानातून रोज एक पिशवी नेणारे यातून सुटले असते हे खरं. पण घरपोच दुधापासून सुरुवात करायला काय हरकत होती? आदेश सगळ्या १ कोटी पिशव्यांसाठी एकदम निघाला आणि एकीलाही लागू झाला नाही.

सध्याचा हिशेब

१ जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर प्लास्टिकच्या काड्यांचे कान कोरणे, स्ट्रॉ, चमचे, ताटल्या, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म अशा वस्तू बंद केल्या. दुधाची पिशवी त्यात नाही. ती आता उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीच्या नियमांत येते, लवचिक प्लास्टिकच्या दुसऱ्या वर्गात. कंपनीने वर्षाला जितके टन फिल्म बाजारात आणली, त्याच्या ठरलेल्या हिश्श्याइतकं प्लास्टिक पुनर्वापरात गेल्याची प्रमाणपत्रं मिळवायची. ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून विकत घेता येतात. हिशेब टनांचा असल्यामुळे सांगलीत कापलेल्या पिशवीची भरपाई दुसऱ्या कुठल्या तरी राज्यातल्या प्लास्टिकने होऊ शकते. यंत्रणा म्हणून हे ५० पैशांपेक्षा सुटसुटीत आहे, आणि त्यात घराचं दार कुठेच येत नाही.

एक वस्तू मात्र टनांच्या हिशेबातून सुटते. पिशवी कापताना आपण जो त्रिकोणी कोपरा पूर्ण तोडतो, तो. एक सेंटिमीटर बाजूचा कोपरा ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तो सिंकच्या जाळीतून जातो, झाडूत येतो, खिडकीबाहेर पडतो. रद्दीवाला तो घेत नाही आणि वेचणारीच्या बोटांना तो सापडत नाही. रोजच्या १ कोटी पिशव्यांचे सगळे कोपरे तोडले तर वजन जेमतेम ५० किलो होईल आणि नग १ कोटी. कात्री शेवटपर्यंत न नेता कोपरा पिशवीला लटकता ठेवला तर तो पिशवीबरोबर टाइल्सवर जातो. आमच्याकडे आता तसाच कापतात. ओतताना मध्ये येतो आणि दुधाची धार थोडी वाकडी पडते.